विश्लेषण : समुद्री मत्स्यालयातला ‘कोरडा’ पाइप इतका महत्त्वाचा का?

गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो वाहू लागला की सोसायटीत कुणीतरी खालून ओरडतेच, ‘पंप बंद करा!’ घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात नेमके उलटे असते. तिथे ओव्हरफ्लो दिवसाचे २४ तास वाहायला हवा. ओरडायची वेळ येते ती तो थांबल्यावर, आणि तो थांबतो तेव्हा बहुधा घरात कुणी नसते.

२००३ मध्ये आलेल्या ‘फाइंडिंग निमो’नंतर नारंगी-पांढरा क्लाऊनफिश जगभरातल्या दिवाणखान्यांत पोहोचला. मुंबई-पुण्यातही समुद्री टाक्या बसवून देणारे व्यावसायिक आहेत. दिवे, दगड, मासे, टाकीखालचे कपाट यांवर ग्राहक तासन्‌तास बोलतो. पाणी टाकीतून खाली कुठून उतरणार, हा प्रश्न मात्र शेवटी निघतो, तोही किती पैसे वाचतील या अंगाने. समुद्री टाकीचे नियोजन खरे तर इथूनच सुरू व्हायला हवे.

ओव्हरफ्लो म्हणजे नेमके काय?

समुद्री टाकीची दोन घरे असतात. वर काचेची, लोकांना दिसणारी टाकी आणि खाली कपाटात दडलेली दुसरी टाकी, म्हणजे सम्प. (हा सम्प संपावर गेला की काय होते, ते पुढे येईलच.) गाळण्या, प्रथिने फेसाच्या रूपाने बाहेर काढणारा स्किमर आणि हीटर ही सगळी यंत्रे सम्पमध्ये बसतात. वरच्या टाकीच्या कडेला काचेचा एक उभा कप्पा असतो. त्याच्या ओठावरून पाणी आत सांडते, पाइपाने सम्पमध्ये उतरते आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी. वर ढकलणारा पंप विजेवर चालतो, खाली उतरणारे पाणी फक्त गुरुत्वाकर्षणावर. पंपाला वर काय चालले आहे याचा पत्ता नसतो. खालचा पाइप तुंबला तरी तो इमानेइतबारे पाणी चढवत राहतो.

खाऱ्या पाण्यालाच एवढा खटाटोप का?

गोड्या पाण्याच्या टाकीत एक साधी गाळणी लटकवली तरी गप्पी आणि मॉली वर्षानुवर्षे जगतात. खाऱ्या पाण्यात ही ढिलाई चालत नाही. २७ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात साधारण साडेसहाच. त्यात माशांच्या स्रावाची, अन्नाच्या तेलाची पातळ साय पृष्ठभागावर धरते आणि हवा-पाण्याची देवघेव मंदावते. ही साय सतत खरवडून काढण्याचे काम ओव्हरफ्लो करतो.

ओठ जितका लांब, तितका सांडणारा थर पातळ आणि खरवड चांगली. तासाला ३००० लिटर पाणी ३० सेंटिमीटर लांबीच्या ओठावरून जात असेल तर थराची जाडी साधारण सव्वा सेंटिमीटर होते. तोच ओठ टाकीच्या पूर्ण लांबीचा, म्हणजे १२० सेंटिमीटर केला तर अर्धा सेंटिमीटर. कोपऱ्यात बसवलेला छोटा त्रिकोणी कप्पा दिसायला नीटस, पण या कामात तो मागे पडतो. जागा वाचवण्यासाठी ग्राहक तोच मागतात आणि दुकानदारही हरकत घेत नाहीत.

जीव वाचवण्याचाही प्रश्न आहेच. क्लाऊनफिशची पैदास आता बंदिस्त पाण्यात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ते तंत्र विकसित केले आहे. पण दुकानातले बहुतेक समुद्री मासे आजही थेट समुद्रातून पकडून आणलेले असतात. पाइपाच्या हलगर्जीपणाने मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा आणायचा, तर तो बहुधा पुन्हा एखाद्या प्रवाळखडकावरूनच येतो.

वीज गेली की पाणी कुठे जाते?

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच ही घरात नेहमी दिसणारी टाकी घेऊ. सेंटिमीटरमध्ये १२० गुणिले ६०, म्हणजे ७२०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. या टाकीत पातळी १ सेंटिमीटरने हलली की ७.२ लिटर पाणी हलते. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा आहे.

वीज गेली, पंप थांबला. ओठावरचा सव्वा सेंटिमीटरचा थर आधी खाली येईल. ते झाले ९ लिटर. पण पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पाइपाचे तोंड ओठाच्या पातळीखाली ५ सेंटिमीटर बुडालेले असेल, तर तोच पाइप आता उलटा सायफन होतो आणि आणखी ३६ लिटर खाली ओढतो. कप्प्यातले आणि पाइपांतले चार-पाच लिटर धरले तर एकूण झाले ५०.

खालचा सम्प ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे असे समजू. त्यात ५० लिटर आले की पातळी सुमारे १४ सेंटिमीटर चढते. ‘पाणी जास्त तेवढे चांगले’ या समजुतीने सम्प आधीच ३० सेंटिमीटरपर्यंत भरलेला असेल, तर वर जागा उरते ३६ लिटरचीच. उरलेले १४ लिटर खारे पाणी जमिनीवर येते. काही फुटलेले नसते, काही बिघडलेले नसते. नुसती वीज गेलेली असते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पावसाळ्यात ही काही विशेष घटना नव्हे.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. रिटर्न पाइपाचे तोंड पृष्ठभागाजवळ ठेवायचे आणि त्याच पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडायचे. पातळी भोकापर्यंत उतरली की आत हवा शिरते आणि सायफन तुटतो. वरच्या उदाहरणात ३६ लिटरचे १० लिटरसुद्धा होत नाहीत. हे भोक शेवाळाने किंवा चुन्यासारख्या गुलाबी कठीण थराने बुजते, म्हणून ते अधूनमधून टोचून मोकळे करावे लागते. सम्पवर ‘पंप चालू असताना पाणी याच्या वर नको’ अशी रेघ मार्करने मारून ठेवणे हा दुसरा उपाय. त्याला पैसे लागतच नाहीत, तरीही ही रेघ क्वचितच मारलेली असते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की झाले, असे प्लंबर हमखास सांगतो. बोअरवेलच्या गोड्या पाण्यात त्याचे खरेही असेल. समुद्री टाकीत त्या व्हॉल्व्हच्या पडद्यावर क्षार आणि चुनखडीचे जीव चढतात, कधी एखादी गोगलगाय अडकते आणि पडदा पूर्ण मिटत नाही. तो असला तर असू द्यावा, पण हिशेब तो नाहीच असे धरून करावा.

पाइप तुंबला तर?

हा प्रसंग वीज जाण्यापेक्षा कमी घडतो, पण घडला तर जास्त महागात पडतो. शेवाळाचा गोळा, गोगलगाय, कधी स्वतः मासा पाइपाच्या तोंडाशी अडकतो. खाली उतरणारे पाणी थांबते. पंप सम्पच्या शेवटच्या खणातले पाणी वर चढवत राहतो आणि तो खण रिकामा झाल्यावरच कोरडा पडतो.

म्हणजे प्रश्न सोपा आहे. त्या खणातले सगळे पाणी वर गेले तर वरच्या टाकीत मावेल का? खण ३० गुणिले ४० सेंटिमीटरचा, त्यात पाणी २५ सेंटिमीटर आणि पंप ते शेवटच्या ५ सेंटिमीटरपर्यंत ओढू शकतो, असे धरले तर वर जाईल २४ लिटर. वरच्या टाकीत काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळी असतील तर मावेल २१.६ लिटर. अडीच लिटर बाहेर. खणातली पातळी २० सेंटिमीटर ठेवली तर वर जाईल १८ लिटर आणि एक थेंबही सांडणार नाही. पाच सेंटिमीटरचा फरक, बाकी काही नाही.

खरी गंमत, किंवा शोकांतिका, पुढे असते. समुद्री टाकीतून रोज काही लिटर पाणी वाफ होऊन जाते आणि मीठ मागे राहते. खारटपणा टिकवण्यासाठी गोडे आरओ पाणी भरावे लागते. ते काम आता सेन्सर करतो. हा सेन्सर नेमका त्याच शेवटच्या खणात बसवलेला असतो, कारण वाफेमुळे होणारी घट तिथेच दिसते. पाइप तुंबून खण रिकामा झाला की सेन्सरला वाटते पाणी उडून गेले. तो गोडे पाणी सोडतो. पंप तेही वर चढवतो. सेन्सर पुन्हा सोडतो.

गोड्या पाण्याचा डबा २० लिटरचा असेल तर नुकसान त्या २० लिटरवर थांबते. पण ‘रोज डबा कोण भरणार’ म्हणून सेन्सर थेट घरच्या आरओच्या नळीला जोडलेला असेल तर थांबायचे कारणच उरत नाही. रात्रभरात फरशी, सोफा, खालच्या घराचे छत आणि टाकीतला खारटपणा, सगळे एकदम जाते. सोय म्हणून विकली जाणारी ही थेट जोडणी टाळावी, असे इथे स्पष्टच म्हटले पाहिजे.

एक, दोन की तीन पाइप?

जगभरच्या हौशी लोकांनी यावर बरीच डोकेफोड केली आहे आणि तिथे तीन रचना रूढ झाल्या आहेत. पहिली एका पाइपाची, ‘दुर्सो’ नावाने ओळखली जाणारी. पाइपाच्या माथ्याला हवेचे भोक असते, पाणी आणि हवा एकत्र खाली उतरतात. थोडा गुळगुळाट होतो, पण काम चालते. अडचण एवढीच की हा एक पाइप तुंबला तर दुसरा कुणी नाही.

दुसरी ‘हर्बी’, दोन पाइपांची. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून सायफनसारखा वाहतो. भरलेला पाइप दोन अर्थांनी चांगला. आत हवा नसल्याने आवाज नाही आणि त्याच जाडीच्या गुळगुळणाऱ्या पाइपापेक्षा तो कितीतरी जास्त पाणी नेतो, कारण त्याला वरच्या पृष्ठभागापासून खालच्या पृष्ठभागापर्यंतची पूर्ण उंची ओढायला मिळते. सम्पजवळ बसवलेल्या व्हॉल्व्हने त्याचा वेग पंपाशी जुळवायचा. दुसरा पाइप थोडा उंच, संकटकाळासाठी.

तिसरी ‘बीनअॅनिमल’, हौशी मंडळींतल्या एकाच्या टोपणनावावरून ओळखली जाणारी, तीन पाइपांची. एक पूर्ण सायफन. दुसरा उघडा, उरलेले थोडे पाणी शांतपणे नेणारा. त्याच्या माथ्याला एक बारीक हवेची नळी असते आणि पातळी चढून तिचे तोंड बुडाले की हाच पाइप आपोआप सायफन होऊन जोरात ओढू लागतो. आणि तिसरा पाइप कोरडा.

हा कोरडा पाइप वर्षानुवर्षे काहीच करत नाही. त्यामुळेच तो विकणे अवघड जाते. एक भोक, एक टँक निपल, चार-पाच फूट पाइप, दोन कोपर एवढाच त्याचा खर्च. पण कोटेशनमध्ये कात्री लागते ती पहिली त्यालाच. ‘साहेब, हा तर कधी वापरातच येत नाही.’ येत नाही, हे खरेच आहे. गाडीतली स्टेपनीही बहुतेक काळ डिकीतच पडून असते.

हा पाइप एकट्याने पंपाचे सगळे पाणी नेऊ शकेल एवढा जाड हवा. त्याच्यावर कुठेही व्हॉल्व्ह नको आणि तोंडावर जाळीही नको, कारण जाळी म्हणजे शेवाळाला आमंत्रण. मासे-गोगलगायी अडवायच्या तर कप्प्याच्या ओठावर कंगव्यासारखे दाते ठेवावेत. त्याचे खालचे टोक सम्पच्या पाण्याच्या वर मोकळे सोडावे, म्हणजे त्यातून पाणी पडू लागले की आवाज येतो. एरवी शांत असलेल्या कपाटातून धबधब्यासारखा आवाज आला, तर मुख्य पाइप तपासायची वेळ झाली आहे हे झोपेतसुद्धा कळते. दोन पाइपांत भागवायचे असेल तरी हरकत नाही, दुसरा मात्र असाच मोकळा हवा. एका पाइपाची टाकी लहान असेल आणि सम्पच्या शेवटच्या खणाचा हिशेब चोख असेल तरच चालवून घ्यावी.

काठावर बाहेरून लटकवायचे ओव्हरफ्लो बॉक्सही मिळतात. टाकीला भोक पाडावे लागत नाही म्हणून ते आकर्षक वाटतात. त्यातले पाणी उलट्या ‘यू’ आकाराच्या नळीतून सायफनने बाहेर येते. नळीत हवेचा बुडबुडा साठून सायफन तुटला की पाणी थांबते, पंप थांबत नाही. ज्याला घर सोडून दोन दिवस गावाला जायचे आहे त्याने या भानगडीत पडू नये.

पंप मोठा घेतला तर बिघडले कुठे?

‘समुद्र आहे, प्रवाह जोरात हवा’ हे वाक्य बरोबर असले तरी त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकतो. प्रवाळांना जोराचा, दिशा बदलणारा प्रवाह लागतो हे खरे. पण तो सम्पमधून फिरवून आणायची गरज नसते. त्यासाठी टाकीतच काचेला चुंबकाने चिकटणारे प्रवाहपंप असतात आणि त्यांनी टाकीच्या पाण्याच्या २० पट किंवा अधिक पाणी तासाला हलवले तरी एक थेंबही ओव्हरफ्लोकडे जास्तीचा जात नाही. सम्पमधून तासाला तीन ते पाच पट पाणी फिरले तरी गाळणीला पुरते. ४०० लिटरच्या टाकीला म्हणजे १२०० ते २००० लिटर.

खोक्यावरचा आकडा इथे फसवतो. ‘३००० लिटर प्रतितास’ हे पंपाने शून्य उंचीवर दिलेले पाणी. कमाल चढ ३ मीटर असलेला तोच पंप दीड मीटर चढवताना साधारण निम्मे देतो. म्हणून काही जण दुप्पट पंप घेतात, मग खालचे पाइप त्या मापाचे नाहीत हे कळते आणि व्हॉल्व्ह, कोपर, गुळगुळाट यांचा खेळ सुरू होतो. उतरणारी वाट आधी ठरवावी, चढवणारा पंप तिच्या मापाने घ्यावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही रिटर्न पंपाऐवजी टाकीतला छोटा प्रवाहपंप चालवावा. पृष्ठभाग हलता राहतो, प्राणवायू मिळतो आणि बॅटरी जास्त वेळ पुरते.

प्रवाळांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण हवी. पाषाणप्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण २००१पासून आहे. दुकानातून ‘हे चालते’ असे सांगून जे दिले जाते ते सगळेच चालत नाही.

प्लंबरला काय सांगायचे?

घराचा प्लंबर हुशार असला तरी त्याच्या सवयी गोड्या पाण्याच्या असतात. तो गेट व्हॉल्व्ह म्हटले की पितळी आणतो. पितळेत तांबे असते आणि खाऱ्या पाण्यात सुटलेले तांबे झिंगे, गोगलगायी, प्रवाळ यांच्यासाठी विष ठरते. व्हॉल्व्ह प्लास्टिकचाच हवा. तो बॉल व्हॉल्व्हपेक्षा गेट व्हॉल्व्ह असलेला बरा, कारण बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो-मिटतो आणि सायफन जुळवायला लागणारी बारीक हालचाल त्यात जमत नाही. सायफनच्या पाइपाचे टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावे. खोल बुडवले तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि वीज परत आल्यावर सायफन सुरूच होत नाही. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्याजवळ युनियन हवेत, नाहीतर साफसफाईच्या वेळी हॅक्सॉ लागतो.

भोके कुठे पाडायची हे टाकी चिकटवण्याआधी ठरवावे लागते. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, तिचे तुकडे होतात. तळाची काच कोणती आहे हे काचवाल्याला विचारून घ्यावे. आणि सगळ्या वायरी प्लगपाशी पोहोचण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर जाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बोर्डात न जाता खाली ठिबकते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी नसेल तर समुद्री टाकी घरात आणूच नये.

जबाबदारी कुणाची?

१६ डिसेंबर २०२२च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातले ‘अॅक्वाडोम’ हे प्रचंड उभे मत्स्यालय फुटले. सुमारे १० लाख लिटर पाणी आणि जवळपास १५०० मासे रस्त्यापर्यंत वाहत गेले. त्या दृश्यांनंतर घरी टाकी ठेवणाऱ्यांना काचेच्या जाडीची चिंता वाटू लागली. चिंता योग्यच, पण घरातले पाणी काच फोडून येण्यापेक्षा पाइप आणि पातळी यांच्या चुकीने येण्याची शक्यता जास्त असते. शिवाय ते एकदम लाखो लिटर येत नाही. १४ लिटर, अडीच लिटर असे येते. फर्निचरखाली मुरते, फटीतून स्लॅबमध्ये उतरते आणि मिठातला क्लोराइड आतल्या सळ्या गंजवतो. मजल्याखालच्या शेजाऱ्याला डाग दिसतो तेव्हा ‘आमच्याकडे काही गळत नाही’ हे वरच्याचे म्हणणे प्रामाणिकही असते.

सार्वजनिक मत्स्यालयात भिंतीमागे पंपघर असते आणि पंपघरात माणूस असतो. घरातल्या टाकीत तो माणूस नसतो, म्हणून त्याचे काम पाइपांच्या रचनेने करायला हवे. ते करून देणे ही टाकी बसवणाऱ्याची जबाबदारी आहे. लाखाच्या घरात जाणाऱ्या कामात दोन चाचण्या ग्राहकासमोर न करता पैसे मागणे बरोबर नाही. आणि ग्राहकानेही दिव्यांचे रंग बघण्याआधी त्या मागायला हव्यात.

चाचण्या दोनच आहेत. टाकी नळाच्या साध्या पाण्याने भरायची, सगळे चालू करायचे आणि अर्ध्या तासाने मेन स्विच बंद करायचा. सम्प काठाखाली थांबला पाहिजे. स्विच पुन्हा चालू केल्यावर कुणी हात न लावता सायफन सुरू झाला पाहिजे. मग मुख्य पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा. पाणी कोरड्या पाइपाने उतरले पाहिजे आणि वरच्या टाकीचा काठ कोरडा राहिला पाहिजे. एक पाइप असेल तर शेवटचा खण रिकामा होईपर्यंत थांबून बघायचे. हे सगळे मीठ घालण्याआधी, मासे आणण्याआधी आणि कपाटाला दरवाजे लावण्याआधी करायचे, म्हणजे सांडले तरी फडक्याने पुसता येते.

त्यानंतर महिन्यातून एकदा, घरात कुणीतरी जागे असताना, पहिली चाचणी पुन्हा. त्याच वेळी रिटर्न पाइपाच्या भोकात टूथपिक घालून ते मोकळे आहे ना, हे बघून घ्यायचे.